रत्नपालची पट्टी

वरचा सूर लागायच्या आधी राणीची हनुवटी साधारण दोन बोटं वर उचलली जायची. आधी हनुवटी, मग मानेच्या डाव्या बाजूची शीर, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी आवाज. क्रम दर वेळी तोच होता. उंच फळीवरचा डबा काढताना माणूस टाचा उचलतो, तशी ती हनुवटी उचलत होती. डबा हाताला लागत होता, पण टाचांवर उभं राहूनच. मी तिला तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायला लावली आणि समोर बसून बघत राहिले.

"मॅडम, गळा ऐकायचा असतो ना?" तिची आई पंचफुलाताई म्हणाल्या. "तुमी तर मानच बघून राहिल्या. बाजारात बकरू बघावं तशा."

"आमच्या घरी मेंढरंच होती, ताई. सवय आहे."

पंचफुलाताई हसल्या. राणी हसली नाही. तिनं घशावर हात ठेवला आणि खाकरली. ते खाकरणंही मी मनात नोंदवलं. दर दोन ओळींनी ती खाकरत होती.

हे दोन हजार चार सालच्या फेब्रुवारीतलं. तेव्हा मी हिंगोलीकडच्या गोरेगावातल्या शाळेत सकाळी विज्ञान शिकवायचे आणि दुपारनंतर घराच्या पुढच्या खोलीत आवाजाची माणसं बघायचे. लोक मला गळ्याच्या मॅडम म्हणत. येणाऱ्यांत शिक्षक जास्त. स्टँडवर 'सेनगाव, सेनगाव, हिंगोली' असं ओरडून जीप भरणारे दोघं होते. बाजार समितीत हर्रास, म्हणजे लिलाव, बोलणारे एक गृहस्थ होते, एक कीर्तनकार होते. गाणारी मुलगी मात्र क्वचित यायची. गाणं शिकवाल का असं विचारत कुणी आलं, तर मी स्पष्ट सांगे, की मला राग येत नाहीत, ताना येत नाहीत. आवाज न दुखवता कसा काढायचा, तेवढं मी शिकवते.

ते मला शिकावं लागलं, कारण माझा स्वतःचा गेला होता. मी बीएस्सी करून नोकरीला लागले तेव्हा शाळेवर पत्रे होते. पाऊस आला की मागच्या बाकावरच्यांना माझं काही ऐकू जायचं नाही, आणि पाऊस नसला तरी शेजारच्या वर्गाचा पाढा भिंतीवरून यायचा. दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर एका सकाळी 'हजेरी' म्हणायला तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली. मुलं हसली. मीही हसले. महिनाभरानं मात्र हसू आलं नाही. काढे झाले, गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून जीभ गोड पडली. शेवटी मुंबईला मावशीकडे गेले आणि तिथल्या एका वाचाउपचाराच्या बाईंसमोर बसले. त्या म्हणाल्या, "काही बोलू नका. ओठ मिटा आणि नुसतं हुंकारा."

मी हुंकारले, आणि मला एकदम आमचा मेंढरांचा वाडगा आठवला. माझे वडील मसाजी जवळा बाजारच्या शिवारात मेंढरं राखायचे. एखादी मेंढी पहिल्यांदा व्यालेली असली, की कधी कधी ती पिल्लाला जवळ घेत नाही. अशा वेळी बाबा तिच्या मानेवर हात ठेवून, ओठ मिटून, नाकातून एक बारीक आवाज काढत बसायचे. खूप वेळ. तो आवाज हाताला कळायचा. मी लहान असताना त्यांच्या पाठीला कान लावून तो ऐकायची. दिवसभर रानात हाळ्या देऊनही बाबांचा घसा कधी बसलेला मला आठवत नाही. हाळी देताना ते मान ताठ करत नसत. पोटातून एक लहानसा धक्का, की झालं.

मुंबईच्या बाईंना मी हे कागदावर लिहून दाखवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "मग तुम्हाला शिकवायला फार वेळ लागणार नाही." वेळ लागलाच. पण आवाज आला, आणि तो आल्यावर मी त्यांच्याच हाताखाली हा विषय शिकायला राहिले. तीन वर्षांनी परत आले तेव्हा गावात सगळ्यांना वाटलं, मी डॉक्टर होऊन आले. मी डॉक्टर नाही हे समजावून सांगण्यात पुढचं वर्ष गेलं.

राणीला आधी नांदेडला दाखवून आणलं होतं. घशात नळी घालून काढलेलं चित्र पंचफुलाताईंनी पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवलं. स्वरयंत्रात दोन पडदे असतात, बोलताना ते एकमेकांना लागतात. राणीच्या दोन्ही पडद्यांवर, अगदी समोरासमोर, बारीक गाठी उठल्या होत्या.

"ह्या काहून आल्या?" पंचफुलाताईंनी विचारलं.

मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. त्या निंदणी-खुरपणीला जायच्या. तळव्यावर बोटांच्या मुळाशी घट्टे होते. "हे काहून आले?"

"खुरप्यानं."

"तसंच. जिथं रोज घासतं, तिथं घट्टा येतो. हाताला आला तर चालतं. तिथं आला की पडदे नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते, आवाज फाटतो. मग माणूस अजून जोर लावतो आणि घट्टा वाढतो."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, की गाणं असंच चालू राहिलं तर ऑपरेशन करावं लागेल. आणि ऑपरेशननंतरही गाणं असंच चालू राहिलं, तर गाठी परत येतील. राणीनं हे सगळं मान खाली घालून ऐकलं. मग पहिल्यांदा स्वतःहून बोलली. आवाज खरखरीत होता, सतरा वर्षांच्या मुलीचा वाटत नव्हता.

"मॅडम, गाणं बंद कर म्हणू नका. दुसरं काय बी सांगा."

"मी तसं म्हणणार नाही," मी म्हणाले. ते मी फार लवकर बोलले का, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पुसेगावची रत्नपाल गायन पार्टी आमच्या भागात ठाऊक नाही असा माणूस विरळा. चौदा एप्रिल ते बुद्धपौर्णिमा ह्या दिवसांत त्यांना एक संध्याकाळ मोकळी नसायची. रत्नपाल म्हणजे राणीचे वडील. गाणारे ते, पेटीवर त्यांचा धाकटा भाऊ सोनाजी, मागे कोरसला पंचफुलाताई. तीन वर्षांपूर्वी कावीळ होऊन रत्नपाल गेले. पार्टी बंद पडेल असं वाटलं होतं. पण पुढच्याच एप्रिलला सोनाजीनं चौदा वर्षांच्या राणीला माइकसमोर उभं केलं, आणि लोक म्हणाले, बाप परत आला.

ह्या पार्टीची एक पद्धत होती. पेटीच्या ज्या पट्टीवर गायकाचा सा धरला जातो, ती त्याची पट्टी. रत्नपालची होती काळी दोन. पुरुषाच्या गळ्याला ती बरीच उंच. त्रिशरण-पंचशील झालं, की गाणं सुरू व्हायच्या आधी सोनाजी माइकवर ओरडायचा, "पट्टी कुणाची?" आणि समोरची सगळी माणसं, बाया, लेकरं एका आवाजात ओरडायची, "रत्नपालची! काळी दोन!" मग पेटी वाजायची. लहानपणी मीही एकदा जवळा बाजारला मागे उभी राहून ओरडले होते. रत्नपाल गेल्यावरही ती हाक आणि तो जबाब तसाच राहिला, आणि पट्टीही तीच.

मुलीच्या गळ्यात बापाची पट्टी बसत नाही. हे कुणाच्या कमी-जास्तपणाचं नाही, पडद्यांच्या लांबीचं आहे. बाप ज्या सा वर उभा राहायचा, तो मुलीला फार खोल पडतो, म्हणून ती त्याच्या वरचा सा घेते. म्हणजे ती सुरुवातच जिन्याच्या मधल्या पायरीवरून करते. गाणं वर चढायला लागलं, की पायऱ्या संपतात, आणि पुढचं ओरडून भागवावं लागतं. राणी तीन वर्षं ओरडून भागवत होती. लोक टाळ्या वाजवत होते.

पहिले पंधरा दिवस मी तिला गाऊच दिलं नाही. कुजबुजायलाही मनाई केली. घसा बसला की आपल्याकडे माणसं कुजबुजतात, त्यांना वाटतं गळ्याला आराम पडला. उलट त्यानं जास्त ताण पडतो. पाणी, वाफ, झोप, मिरचीचा खर्डा बंद. कार्यक्रमाआधी सोनाजी तिला मिऱ्याची पूड मधातून चाटवायचा, तीही बंद.

त्यानंतर पपईचा देठ. आमच्या परसात पपईचं झाड होतं. पानाचा देठ पोकळ असतो, लहान मुलं त्याची पुंगी करतात. तो कापायचा, चीक जाईपर्यंत पाण्यात ठेवायचा, धुवायचा, आणि त्याचं एक टोक पाण्याच्या पेल्यात बुडवून दुसऱ्या टोकातून आवाज करत हवा सोडायची. बुडबुडे येतात. समोरून पाण्याचा थोडा दाब परत येतो, आणि पडदे एकमेकांवर आपटायचे थांबून हलकेच टेकतात. मुंबईला ह्यासाठी काचेची नळी होती. आमच्याकडे पपई होती.

एका दुपारी राणी असे बुडबुडे काढत बसलेली असताना सोनाजीभाऊ दारात येऊन उभे राहिले. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस, कानावर विडी. पुसेगावहून सायकलवर आले होते, सदरा घामानं पाठीला चिकटला होता.

"जयभीम, मॅडम."

"जयभीम. या, बसा."

ते बसले नाहीत. पुतणीकडे आणि तिच्या पेल्याकडे बघत राहिले. "हे काय करून राहिली? म्हशीवानी पाण्यात बुडबुडे काढायला गोरेगावपर्यंत येती व्हय गं तू?"

राणीनं देठ तोंडातून काढला. "काका, म्हशीचा घसा कधी बसलेला पाहिला का तुमी?"

सोनाजीभाऊंना हसू आवरलं नाही. मग ते बसले, पाणी प्यायले. मी त्यांना चित्र दाखवलं, घट्ट्यांचं सांगितलं, आणि शेवटी पट्टीचं. पट्टी खाली घ्यावी लागेल, असं मी म्हणाले. त्यांनी चित्र माझ्याकडे परत सरकवलं.

"बाकी जे म्हणसाल ते करू. मिरे बंद केले. कार्यक्रम कमी घ्या म्हणसाल तर कमी घेऊ. पट्टीचं तेवढं बोलू नका."

"सोनाजीभाऊ, बाकीचं सगळं ह्या एका गोष्टीवर उभं आहे."

"ती दादाची पट्टी हाय, मॅडम. लोक गाणं ऐकायला येतेत ते नंतर. आधी ते हाक द्यायला येतेत. त्याहीला काय सांगू, दादासंगं पट्टी बी मेली म्हणून?"

राणी पेल्यातल्या पाण्याकडे बघत होती. मी तिला म्हणाले, "तुला काय वाटतं?"

"काका म्हणतील ते," ती म्हणाली, आणि खाकरली. पंधरा दिवसांत ती पहिल्यांदा खाकरली होती.

मार्चच्या शेवटी मी पुसेगावला गेले. राणीचा आवाज आता बराच निवळला होता. बोलताना तर कुणाला काही कळलंच नसतं. पण गाताना ती काळी दोनवर गेली, की हनुवटी पुन्हा वर. पेटी जवळून पाहावी, सोनाजीभाऊ भाता कसा मारतात तेही पाहावं, असा माझा विचार होता. वाजवणारा जितका जोरात वाजवतो, तितकं गाणारा ओरडतो, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं होतं.

त्यांचं घर विहाराच्या मागे होतं. अंगणात कडुलिंबाखाली सतरंजी टाकली होती, तिच्यावर पेटी. पंचफुलाताई चुलीपाशी चहा करत होत्या. सोनाजीभाऊंनी पेटीवरचं फडकं काढलं. पेटी जुनी होती, पण तिची निगा फार होती. काळी दोनवर निळ्या ऑइल पेंटचा एक ठिपका होता.

"हा कशासाठी?"

"मी नवा नवा बसलो ना पेटीवर, तवा मला पट्टी सापडायची न्हाई," सोनाजीभाऊ म्हणाले. "बत्तीच्या उजेडात सगळ्या काळ्या सारख्याच. हात कापायचा माझा. मंग विहाराच्या दरवाजाला रंग दिला, त्यातला उरला होता, दादानं बोटानं ठिपका लावला. म्हणला, सोन्या, इथं धर, पुढचं मी बघतो."

मी वाकून पाहिलं. ठिपका ठळक होता, वरचा रंग चकचकीत होता. वीस वर्षं बोट घासूनही तो इतका नवा कसा, असं मनात आलं, आणि म्हणून माझी नजर आजूबाजूला गेली. काळी दोनच्या डावीकडे, पांढरी एकवर, बारीक चरे होते. एकाच जागी, ब्लेडनं खरवडल्यासारखे. आणि त्या पट्टीच्या कडेला, जिथे ती शेजारच्या पट्टीला टेकते तिथे, निळ्या रंगाची एक बारीक रेघ राहिली होती.

"इथेही ठिपका होता का?"

सोनाजीभाऊंनी पटकन त्या पट्टीवर हात ठेवला. पेटीचा भाता बंद होता म्हणून आवाज झाला नाही. राणी माझ्याकडे, मग काकांकडे बघत होती.

"सांगा ना भावजी," पंचफुलाताई चुलीपासून म्हणाल्या. पाठ आमच्याकडेच होती. "हिंगोली जिल्हा झाला त्या साली, नव्व्याण्णवला, त्यायनी पट्टी उतरवली होती."

सोनाजीभाऊंची मान झटकन वळली. "वहिनी, तुमाला कोणी सांगितलं?"

"सांगायला काहून लागतं? सोळा वर्षं त्यांच्या मागं कोरस म्हणला मी. एका संध्याकाळी माझा गळा उगाच हलका पडला. म्हणलं, आज काय झालं? मंग समजलं, पेटी खाली आली." त्यांनी चहा गाळला. "तुमी दोघं भाऊ काय बोलले न्हाई, म्हणून मी बी न्हाई बोलले. मला वाटलं, तुमाला वाटत असंल, त्यायचा गळा उतरला हे वहिनीला कळू नये."

"मला तेच वाटलं," सोनाजीभाऊ म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. हळू, थांबत थांबत, माझ्याकडे न बघता. नव्व्याण्णवच्या एप्रिलमध्ये रत्नपालचा घसा दोनदा बसला होता. एक दिवस शेताच्या धुऱ्यावर बसून त्यांनी भावाला सांगितलं, गळा देऊन नाही राहिला, पट्टी खाली घे, अन् कोणाला बोलू नको. ब्लेडनं वरचा ठिपका काढला, पांढरी एकवर नवा लावला. माइकवरची हाक मात्र तीच ठेवली. लोक 'काळी दोन' ओरडायचे, आणि सोनाजी निमूटपणे पांढरी एक धरायचा. दोन वर्षं. कुणाला कळलं नाही. गाणं उलट गोड झालं, असं एक-दोन जाणकार म्हणाले, त्यांनाही कारण कळलं नाही.

"मंग परत वर काहून नेली, काका?" राणीनं विचारलं.

"दादा गेल्यावर माझ्या मनाला लई लागलं ते. वाटलं, दोन वर्षं आपण लोकायला खोटं बोललो. दादाच्या नावानं बोललो. तुझा गळा कवळा होता, चढत होता. म्हणलं, पोरीला खऱ्या काळी दोनवर गाववू, म्हंजी दादाचा बोल खरा होईल." त्यांनी ठिपक्यावरून अंगठा फिरवला. "हा मी लावला. तेराव्या... न्हाई, पुण्यानुमोदन झालं, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

राणी उठून पेटीजवळ येऊन बसली. खरवडलेल्या जागेवर तिनं बोट ठेवलं.

"म्हंजी बाबांनी सोडली ती पट्टी मी धरून बसले," ती म्हणाली.

मी चहा घेतला. घशाचं मला सांगता येतं, बाकीचं त्यांचं होतं. चहा संपल्यावर मी राणीला एवढंच म्हणाले, "पेटीचं विसर. काकांना हाक मार. जेवायला बोलावतेस तशी."

"काका, जेवायला या."

"आता ओठ मीट, आणि तोच आवाज नाकात धर. उंच नाही, खाली नाही. बोललीस तिथेच."

ती हुंकारली. मी तिचा हात धरून तिच्या गालाच्या हाडावर ठेवला, म्हणजे तिला ते कळावं. मग सोनाजीभाऊंना म्हणाले, "हा सूर पेटीवर कुठे आहे, शोधता का?"

त्यांनी भाता उघडला. बोट काळी दोनवरून डावीकडे सरकत गेलं. पांढरी एकही मागे राहिली. आणखी थोडं डावीकडे, खालच्या सप्तकातल्या काळी पाचपाशी, पेटीचा आणि मुलीचा आवाज एकमेकांत मिसळला. बापाच्या दोन्ही पट्ट्यांपेक्षा ही खाली होती.

"इथून गा," मी म्हणाले.

तिनं नेहमीचंच गाणं घेतलं. पहिली ओळ तिनं भीत भीत म्हटली, कारण जोर लावायला काही शिल्लकच नव्हतं. दुसऱ्यांदा म्हटली तेव्हा शब्द ऐकू यायला लागले. एरवी वरच्या सुरात तिचे शब्द सगळे 'आ' होऊन जायचे. गाणं चढलं. मी मान बघत होते. वरचा सूर आला, आणि हनुवटी होती तिथेच राहिली. आवाज भरीव होता, थोडा ओला, आणि तो मुलीचा होता. शेजारच्या अंगणातली ज्वारी पाखडणारी बाई सूप धरून थांबली.

पंचफुलाताईंनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "तीन वर्षं मी ह्या पोरीला रत्नपालचीच पोरगी म्हणून ऐकलं. आज राणी ऐकली."

"भावजी?" त्यांनी विचारलं.

सोनाजीभाऊंनी भाता लावला, आकडा अडकवला, फडकं घातलं. "बघू," ते म्हणाले.

"काय बघू?"

"वहिनी, हाक मला द्यायची हाय. समोर लोक कोणाचं नाव घेतील? तुमचं काय, तुमी मागं बसता." एवढं बोलून ते विडी पेटवत फाटकाबाहेर गेले.

परतीच्या जीपपर्यंत राणी सोबत आली. ती म्हणाली, "मॅडम, काका न्हाई म्हणले तर मी वरच गाईन. पण आता मला कळंल, की दुखून राहिलं. आधी कळायचं न्हाई." मी तिला पपईचे देठ ओल्या फडक्यात कसे ठेवायचे ते सांगितलं.

चौदा एप्रिलला दिवेलागणीच्या सुमारास मी पुसेगावात पोचले. विहारासमोर मंडप होता, निळ्या पताका, पुढे लेकरं, डावीकडे बाया. मी बायांत जाऊन बसले. दुपारी वावटळीसारखा वारा सुटला होता, तो आता पडला होता, आणि भोंग्यातून माइकची बारीक शिट्टी येत होती. मंचावर राणी पांढऱ्या साडीत उभी होती. तिच्या मागे कोरसच्या दोघींबरोबर पंचफुलाताई. सोनाजीभाऊ पेटीवर. त्यांनी फडकं काढलं, तेव्हा मी मान उंच करून पाहिलं, पण इतक्या लांबून पट्ट्या दिसत नव्हत्या. ठिपका कुठे आहे, ते कळायला मार्ग नव्हता.

त्रिशरण झालं, पंचशील झालं. सगळे खाली बसले. सोनाजीभाऊंनी माइक स्वतःकडे ओढला.

"पट्टी कुणाची?"

"रत्नपालची! काळी दोन!" मंडप ओरडला. माझ्या शेजारच्या म्हातारीनं तर दोन्ही हात वर केले.

आता पेटी वाजायला हवी होती. वाजली नाही. ढोलकीवाल्यानं हात उचलून तसाच ठेवला. राणीनं वळून काकांकडे पाहिलं. सवयीनं तिची हनुवटी वर निघाली होती, ते मला बायांच्या डोक्यांवरूनही दिसलं.

सोनाजीभाऊ माइकजवळ वाकले. त्यांना बोलायची सवय नव्हती. त्यांचा श्वास भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू गेला.

"एक सांगायचं राहिलं होतं," ते म्हणाले. "रत्नपालदादानं शेवटची दोन वर्षं काळी दोन सोडली होती. गळा देत नव्हता म्हणून खाली आले होते. तुमी हाक देत होते, मी पांढरी एक धरत होतो. आमी बोललो न्हाई. तरी तुमी रडले, हसले, टाळ्या दिल्या. दादाचं गाणं कमी झालं न्हाई."

मंडपात कुणीतरी खोकलं. मागून एक पुरुष म्हणाला, "सोन्या, मंग आता काय?"

सोनाजीभाऊंनी पेटीचा आकडा काढला. मागे पंचफुलाताई सरळ होऊन बसल्या. सोनाजीभाऊंनी भात्यावर हात ठेवला, डोळे राणीवरच होते, आणि आता ते ओरडले नाहीत, घरात बोलावं तसं म्हणाले,

"आता पट्टी राणीची. खाली घेतली हाय."